पुळण खरंच मागे सरकतेय की हंगामी हालचाल आहे? मोजायचं कसं आणि मग करायचं काय?

पुळणवाट

नमस्कार मंडळी. वालुकामय किनाऱ्याच्या धुपेबद्दल विचारायचं आहे. पुळण साधारण १ किलोमीटर लांबीची, एका टोकाला खडकाळ भूशिर, दुसऱ्या टोकाला खाडीचं मुख. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) वेळी भरती-ओहोटीतला फरक अडीच मीटरच्या आसपास. होड्यांची वाट मोकळी राहावी म्हणून खाडीच्या मुखाशी दोन्ही अंगांना समुद्रात दगडी बांध घातले आहेत. तेव्हापासून मुखाजवळचे पहिले ४०० मीटर अरुंद झाल्यासारखे दिसतात. झाडांची मुळं उघडी पडली आहेत आणि वाळूचा उभा कडा तयार झाला आहे. खाडीपलीकडची पुळण मात्र रुंद वाटते.

आता सगळीकडून एकच मागणी आहे, दगडी भिंत घाला. त्याआधी हे नीट समजून घ्यायचं आहे:

महागडी उपकरणं नसताना धूप मोजता येते का, आणि किती काळ मोजली म्हणजे ती खरी मानायची? समुद्राची पातळी वाढतेय, त्यामुळेच हे होत असेल का? भिंत घातली तर पुळण वाचेल का? झाडं लावून भागेल का?

---

रेतीमापक

आधी त्या उभ्या कड्याबद्दल. कडा दिसला म्हणजे किनारा कायमचा गेला, असं नाही. वादळी हंगामातल्या उंच, दाटीने येणाऱ्या लाटा पुळणीच्या वरच्या भागातली वाळू ओढून नेतात आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यात पाण्याखाली तिचा दांडा घालतात. शांत हंगामातल्या लांब, सखल लाटा तीच वाळू परत वर चढवतात. नेणं काही तासांत होतं, परत आणायला कित्येक आठवडे किंवा महिने लागतात. म्हणून वादळानंतर काढलेला फोटो आणि शांत हंगामातला फोटो शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. तुलना करायची ती या वर्षीच्या एका महिन्याची पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी.

मोजणीसाठी दोन काठ्या आणि एक दोरी पुरते. ही पद्धत एमरी यांनी १९६१ मध्ये मांडली आणि आजही जगभर स्वयंसेवक ती वापरतात. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या. वरच्या टोकाला शून्य धरून खालच्या दिशेने सेंटीमीटरच्या खुणा करा. दोन्ही काठ्यांमध्ये न ताणणारी २ मीटरची दोरी बांधा. जमिनीकडची काठी पक्क्या खुणेवर उभी करायची, दुसरी समुद्राच्या दिशेने दोरी ताठ होईल तिथे. मोजणाऱ्याने जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती नजरेची रेषा जवळच्या काठीला ज्या खुणेवर छेदते, तेवढे सेंटीमीटर वाळू खाली उतरली. पुढे चढ असेल तर उलट: जवळच्या काठीच्या टोकावरून क्षितिजाकडे पाहायचं आणि समुद्राकडच्या काठीवर आकडा वाचायचा, तो चढ. मग दोन्ही काठ्या एक टप्पा पुढे. असं करत कमरेएवढ्या पाण्यापर्यंत जायचं.

चुका इथे होतात:

ओल्या वाळूत काठी रुतते. तळाला १० सेंटीमीटर व्यासाची सपाट चकती लावा. काठी तिरकी धरली की आकडा खोटा येतो, म्हणून प्रत्येक काठीला छोटी पाणसळ बांधा. या चुका साचत जातात हे लक्षात ठेवा. ४० टप्प्यांत प्रत्येकी १ सेंटीमीटर एकाच बाजूने चुकलं तर शेवटी ४० सेंटीमीटरची गफलत होते, आणि तेवढा फरक म्हणजे वर्षभराची धूप असू शकते. क्षितिज धुक्यात असेल तर त्या दिवशी ही पद्धत वापरू नका. त्याऐवजी दोन्ही काठ्यांना पारदर्शक नळी बांधून पाण्याच्या पातळीवरून वाचन घ्या. नळीत बुडबुडा राहिला तर वाचन फुकट जातं, म्हणून आधी नळी उभी धरून बुडबुडे काढून टाका.

मोजणीच्या प्रत्येक रेषेला जमिनीकडे दोन पक्क्या खुणा हव्यात. एक सुरुवातीची, दुसरी तिच्या मागे २०-२५ मीटरवर. दोन्ही एका ओळीत दिसल्या की दिशा बरोबर. एकच खूण असेल तर दर वेळी रेषा थोडी फिरते आणि तुम्ही वेगळ्याच जागेची पुळण मोजता. सुरुवातीची खूण धुपेच्या पट्ट्यापासून भरपूर आत असावी. पहिल्याच वादळात ती वाहून गेली तर मागचा सगळा हिशेब लटकतो.

तुमच्या पुळणीसाठी पाच रेषा पुरतील: मुखापासून ५०, १५०, ३००, ६०० आणि ९०० मीटरवर. बदल जिथे जास्त, तिथे रेषा जवळजवळ. महिन्यातून एकदा, उधाणाच्या ओहोटीला, ओहोटीच्या आधी एक तास ते नंतर एक तास एवढ्या वेळात मोजा. मोठं वादळ येणार असेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवसांच्या आत आणखी एकदा.

हिशेब सोपा आहे. एका रेषेवरच्या वाळूच्या उंचीचा आलेख म्हणजे छेद. एकाच रेषेच्या दोन तारखांच्या छेदांमधलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा. तोच आकडा किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे घनमीटरमध्ये वाळू देतो. ३० मीटर रुंदीत सरासरी ४० सेंटीमीटर वाळू खाली गेली असेल तर दर मीटरमागे १२ घनमीटर. हंगामी चक्र कळायला पूर्ण एक वर्ष लागतं. धुपेचा दर सांगायचा असेल तर किमान पाच वर्षं, आणि जितकी जास्त तितकं बरं.

---

उपग्रहनजर

पाच वर्षं थांबायची गरज नाही, मागची चाळीस वर्षं उपग्रहचित्रांत आहेत आणि ती फुकट मिळतात. लँडसॅटची ३० मीटर तपशिलाची चित्रं १९८४ पासून आहेत, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासून. त्यांतून किनारारेषा काढायला कोस्टसॅट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. रेषांवरून दर काढायला अमेरिकी भूसर्वेक्षण विभागाचं डीएसएएस वापरतात.

पण इथे एक सापळा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. चित्रात दिसते ती पाण्याची त्या क्षणाची कड. दोन चित्रांच्या वेळी भरतीच्या पातळीत दीड मीटरचा फरक असेल आणि पुळणीचा उतार २० ला १ असेल, तर पाण्याची कड ३० मीटर सरकलेली दिसेल. एकही कण हललेला नसताना! उतार ५० ला १ असेल तर ७५ मीटर. तुमच्याकडे भरती-ओहोटीचा फरक अडीच मीटरचा आहे, म्हणजे दुरुस्ती केल्याशिवाय चित्रांवर बोलणंच चूक.

दुरुस्ती अशी: चित्राच्या वेळेची भरतीची पातळी कोष्टकातून घ्या, ठरवलेल्या एका पातळीशी फरक काढा, त्याला उताराने भागा, तेवढी रेषा मागे-पुढे करा. उतार तुमच्या काठ्यांच्या मोजणीतून मिळेलच. दोन सुट्या चित्रांवर विसंबू नका. दरवर्षीच्या त्याच हंगामातली सगळी ढगविरहित चित्रं घेऊन त्यांतून सरळ रेषा बसवा. शक्य असेल तिथे पाण्याच्या कडेऐवजी वनस्पतींची समुद्राकडची कड धरा. तिला भरतीशी देणंघेणं नसतं. ती हळू सरकते आणि म्हणूनच जास्त भरवशाची.

तुमच्या बाबतीत बांध घालण्याआधीची आणि नंतरची अशा दोन वेगळ्या रेषा काढा. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या काढा. धुपेचा दर बदलला असेल तर तिथेच दिसेल.

---

लाटछाया

मोजणी चालू राहू द्या, पण कारणाचा अंदाज आताही बांधता येतो.

समुद्रपातळीचं आधी पाहू. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या) सहाव्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. ब्रुन यांच्या १९६२ च्या नियमाने याचं किनाऱ्याच्या माघारीत रूपांतर करता येतं: पातळीतली वाढ, गुणिले हलत्या वाळूच्या पट्ट्याची रुंदी, भागिले त्या पट्ट्याची एकूण उंची. वालुकामय किनाऱ्यांवर हे गुणोत्तर ढोबळमानाने ५० ते १०० येतं. म्हणजे ३.७ मिलिमीटरमागे साधारण १८ ते ३७ सेंटीमीटर माघार दरवर्षी. हा नियम वाळू फक्त आत-बाहेर जाते असं धरतो, किनाऱ्याला समांतर होणारी वाहतूक त्यात नाही. त्यामुळे नेमक्या भाकितासाठी तो कच्चाच आहे, पण कारणाचं आकारमान समजायला उत्तम. तुमच्या मोजणीत वर्षाला एक-दोन मीटर माघार निघाली तर एकट्या समुद्रपातळीवर खापर फोडता येणार नाही. अपवाद त्रिभुज प्रदेशांचा, तिथे जमीनच खचत असते आणि स्थानिक वाढ कितीतरी जास्त होते.

मग वाळूचा ताळेबंद मांडायचा. जमेकडे नदीने आणलेली वाळू, शेजारच्या किनाऱ्यावरून वाहत आलेली, कड्यांची झीज, शिंपल्यांचा चुरा. खर्चाकडे पुढच्या किनाऱ्याकडे गेलेली, खोल पाण्यात गेलेली, खाडीत शिरलेली, वाऱ्याने आत उडालेली आणि माणसाने उचललेली. जमा घटली की पुळण मागे येते, त्याला वादळाची गरज नसते. नाईलवर आस्वानचं उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. गाळ धरणामागे अडला आणि रोझेटाच्या मुखाशी किनारा झपाट्याने खचला. इंग्लंडमधलं हॉलसँड्स गाव समोरची गोट्यांची पुळण उपसल्यामुळे गेलं. उपसा १८९७ मध्ये सुरू झाला, १९०२ मध्ये थांबवला, आणि १९१७ च्या जानेवारीतल्या वादळाने गाव उद्ध्वस्त केलं. उपसा आणि परिणाम यांत पंधरा वर्षांचं अंतर पडलं हे ध्यानात घ्या. खाडीत किंवा नदीत वर वाळूउपसा होतो का, हे पहिल्यांदा तपासा.

तुम्ही सांगितलेलं चित्र, मुखाच्या एका बाजूला रुंदी आणि दुसऱ्या बाजूला झीज, हे तर समांतर वाहतूक अडल्याचं ठळक लक्षण आहे. लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात आणि लाटा फुटण्याच्या पट्ट्यातून वाळू एका दिशेने सरकवतात. मध्ये बांध आला की येणाऱ्या बाजूला वाळू साठते, जाणाऱ्या बाजूला उपासमार. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदराचे बांध झाले तेव्हा हेच घडलं. तिथे वाळूची निव्वळ वाटचाल उत्तरेकडे असल्याने दक्षिणेला वाळू साठली आणि उत्तरेचा शहराचा किनारा गेला.

दिशा पक्की करायला बांधांलगतचा साठा, खाडीच्या मुखातल्या वाळूच्या जिभेची दिशा आणि जुने नकाशे पाहा. लाटा फुटतात तिथे संत्री टाकून ती दर मिनिटाला किती आणि कुठे सरकतात हेही मोजतात. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला ढकलत नाही. मात्र ही त्या दिवसाची दिशा झाली. वर्षभराची निव्वळ दिशा वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येक हंगामात मोजा.

---

पुळणवाट

मनापासून आभार. खाडीपलीकडच्या बाजूचा विचार आम्ही केलाच नव्हता, तिथेही दोन रेषा आखतो. पण भिंतीची मागणी जोरात आहे. "आधी भिंत घाला, मोजत बसा नंतर" असं म्हणणं आहे. त्यांना काय सांगावं?

---

दगडगोटा

भिंत कशासाठी असते ते आधी स्पष्ट सांगा. भिंत मागची जमीन वाचवते. पुढची पुळण वाचवत नाही. मागे रस्ता, वस्ती, पाण्याची टाकी असं हलवता न येणारं काही असेल तर भिंत लागू शकते, आणि तेव्हा ती नीट घातली पाहिजे. मागे मोकळी जागा असेल तर भिंतीचा आग्रह धरू नये.

नीट घालणं म्हणजे काय, तर दगडाचं वजन अंदाजाने ठरवायचं नाही. हडसनच्या सूत्रात वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. उंची दुप्पट झाली की दगड आठपट जड लागतो. आणि भिंतीपाशी लाट किती उंच येणार हे तिथल्या पाण्याच्या खोलीवर ठरतं, ढोबळमानाने खोलीच्या ०.७८ पट. आता एक उदाहरण: वादळी भरतीत भिंतीच्या पायथ्याशी अडीच मीटर पाणी, म्हणजे लाट १.९५ मीटर. दगडाची घनता घनमीटरला २६५० किलो, उतार २ ला १, फुटत्या लाटेसाठी खडबडीत दगडाच्या दोन थरांचा गुणांक २ धरला, तर दगड सुमारे १.२ टनाचा येतो. आता पायथ्याची वाळू १ मीटर खाली गेली. खोली साडेतीन मीटर, लाट २.७३ मीटर, आणि दगड लागतो ३.४ टनाचा. वाळू एक मीटर उतरल्यावर दगड पावणेतीन पट अपुरा ठरला. भिंती कोसळतात त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं. रचना करताना पुळण आज आहे तेवढीच राहील असं धरलेलं असतं, आणि पुळण तर खाली जातच असते. शिवाय भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथा आणखी उकरते. पायथ्याचा खड्डा लाटेच्या उंचीएवढा खोल जाऊ शकतो असं धरून पायथा खाली न्यायचा किंवा पुढे दगडांचा रुंद पट्टा अंथरायचा, म्हणजे खड्डा पडला की ते दगड त्यात घसरून तो भरतील.

दुसरं नेहमीचं कारण आत असतं. दगडांखाली गाळणीचा थर नसतो. प्रत्येक लाटेबरोबर मागची माती फटींतून बाहेर झिरपते, वरून काही दिसत नाही आणि एके दिवशी भिंतीमागचा रस्ता खचतो. मोठ्या दगडांखाली छोट्या दगडांचा थर आणि त्याखाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, हवंच. कापडाचे पट्टे एकमेकांवर किमान अर्धा मीटर चढवा. त्याच्यावर दगड उंचावरून टाकला की कापड फाटतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

तिसरी गोष्ट, भिंतीचं टोक. भिंत जिथे संपते तिथे पुढच्या किनाऱ्याची धूप वाढते, कारण त्याला मिळणारी वाळू आता भिंतीमागे कोंडलेली असते. मग भिंत आणखी वाढवा अशी मागणी येते. टोक जमिनीच्या दिशेने वळवून आत न्यावं, पण त्याने प्रश्न फक्त सौम्य होतो.

लोकांना एवढं दाखवा: मागे धोक्यात नेमकं काय आहे, ते समुद्रापासून किती मीटरवर आहे, आणि मोजलेल्या दराने तिथे पोचायला किती वर्षं आहेत. दोन-तीन वर्षं असतील तर तात्पुरता बचाव लागेल. वाळू भरलेल्या जिओटेक्स्टाइलच्या पिशव्या चालतात, त्या पुढे काढता येतात. फाटणं आणि उन्हाने कापड जीर्ण होणं हे त्यांचे दोष, म्हणून वाळूने झाकून ठेवाव्या लागतात. वीस वर्षं हाताशी असतील तर भिंतीची घाई करायचं काही कारण नाही.

---

लाटछाया

दगडगोटा यांच्या म्हणण्यात एक भर. ग्रॉइन, म्हणजे किनाऱ्याला काटकोनात समुद्रात घालायचे बांध, सुचवले जातील, तेव्हा सावध राहा. ग्रॉइन वाळू तयार करत नाहीत, फक्त अडवतात. वाळू येतच नसेल तर अडवणार काय? घालायचेच असतील तर दोन ग्रॉइनमधलं अंतर त्यांच्या लांबीच्या दोन-तीन पट ठेवतात, मधले कप्पे बाहेरच्या वाळूने आधीच भरतात आणि शेवटचे ग्रॉइन क्रमाने आखूड करत नेतात. कप्पे न भरता सोडले तर ते भरेपर्यंत पुढचा किनारा उपाशी राहतो.

तुमच्या बाबतीत वाळू हरवलेली नाही, ती खाडीपलीकडे अडून बसली आहे. मोजणीने हे खरं ठरलं तर पहिला उपाय तीच वाळू उचलून या बाजूला आणणं. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी २००१ पासून पंप बसवून हेच करतात. तिथे वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर वाळू किनाऱ्याने सरकते. तुमचं प्रमाण कितीतरी लहान असेल. समजा रेषा वर्षाला १ मीटर मागे जातेय. पुळणीच्या माथ्यापासून वाळू हलते त्या खोलीपर्यंतची एकूण उंची ८ मीटर धरली तर दर मीटर लांबीमागे ८ घनमीटर, ४०० मीटरला ३,२०० घनमीटर दरवर्षी. १० घनमीटरच्या गाडीने ३२० खेपा. काठ्यांची मोजणी कमरेएवढ्या पाण्यातच थांबते, म्हणून तिच्यातून आकडा कमी निघतो. हा दुसरा हिशेब जोडीला ठेवा.

वाळू टाकताना तीन गोष्टी बिघडतात. पहिली, कणांचा आकार. आणलेली वाळू मूळ वाळूएवढी किंवा किंचित जाड हवी. बारीक असेल तर ती सपाट उतारावर पसरते आणि समुद्रात जाते. नमुना दोन्हीकडे मध्यम पातळीच्या ओल्या पट्ट्यातून, वरच्या ५ सेंटीमीटरचा घ्या. मीठ धुऊन काढा, वाळवा, १०० ग्रॅम घेऊन २ मिलिमीटर ते ०.०६३ मिलिमीटरच्या चाळण्यांच्या उतरंडीत दहा मिनिटं हलवा. निम्मं वजन ज्या आकारापाशी येतं ती मध्यम जाडी, तिची तुलना करा. खाडीच्या तळातून उपसलेली वाळू बहुधा चिखलमिश्रित निघते, ती न चाळता टाकू नये.

दुसरी, जागा. वाळू बांधाला लागून टाकू नका. मुखाजवळ लाटा वाकून येतात आणि थोड्या अंतरापुरती वाहतूक उलटी, म्हणजे परत खाडीकडे होते. टाकलेली वाळू तुमच्याच होडीवाटेत जाऊन बसेल. ही उलटी दिशा कुठे संपते ते संत्र्यांच्या चाचणीतून शोधा आणि त्याच्या पुढे टाका.

तिसरी, अपेक्षा. वर रचलेली वाळू पहिल्या काही महिन्यांत बरीच खाली पाण्यात उतरते. पुळण नैसर्गिक उतार घेत असते आणि लोकांना वाटतं की वाळू वाहून गेली. आधीच सांगून ठेवा. आणि लांबी महत्त्वाची. मोकळ्या सरळ किनाऱ्यावर टाकलेल्या वाळूचं आयुष्य लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. दुप्पट लांबीत टाकली तर चौपट टिकते. आखूड तुकड्यात ढीग मारून काही साधत नाही. नेदरलँड्सने २०११ मध्ये दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकून लाटा-वाऱ्याला ती पसरवू दिली. त्याला सँड मोटर म्हणतात. तेवढी वाळू आणि तेवढा लांब किनारा असेल तरच ते शोभतं.

---

मर्यादावेल

झाडांबद्दल. झाडं लाट अडवत नाहीत, ती वारा मंद करून उडती वाळू थोपवतात आणि पुळणीमागची वाळूची टेकडी वाढवतात. टेकडी म्हणजे वादळासाठीची बेगमी, त्या वेळी तीच वाळू पुळणीला मिळते. म्हणून पुळण रोजच्या भरतीत झिजत असेल तर फक्त लागवडीने भागणार नाही, वाळूचा प्रश्न आधी. पण वाळू आल्यावर ती टिकवायला लागवड हवीच.

कोरडी, बारीक-मध्यम वाळू सेकंदाला ५-६ मीटर वाऱ्यात उडू लागते. तिला थोपवायला १ ते १.२ मीटर उंचीचं जाळीदार कुंपण, निम्मी जागा भरीव आणि निम्मी मोकळी. भरीव कुंपण चालत नाही, त्याच्यामागे वारा घुमतो आणि पायथा उकरतो. पट्ट्या किंवा काटक्या वापरा, प्लॅस्टिकची जाळी नको, ती समुद्रात जाते. कुंपण उधाणाची लाट चढते त्या रेषेच्या आत, टेकडीच्या पायथ्याशी. कासवं अंडी घालायला येत असतील तर सलग न घालता आखूड तुकडे ठेवा, मध्ये वाटा सोडा.

कुंपण बरंचसं बुजलं की लागवड. उष्ण किनाऱ्यांवर पुढच्या रांगेला मर्यादावेल आणि रावणाच्या मिशा हे गवत. मर्यादावेलीचे ३०-४० सेंटीमीटरचे तुकडे घ्या, दोन-तीन पेरं वाळूत गाडा, टोक बाहेर, दोन तुकड्यांत अर्धा मीटर अंतर. पावसाच्या सुरुवातीला लावले तर पाणी घालावं लागत नाही. वेल वाळूखाली गाडली गेली तरी वर वाढत येते, हाच तिचा खरा गुण. सुरूची झाडं पुढच्या रांगेत लावू नका. त्यांच्या सावलीत आणि सुयांच्या थरात खालच्या वेली मरतात, टेकडी वाढायची थांबते आणि मुळं उघडी पडली की झाड आडवं होतं.

माणसांच्या पायवाटांनी टेकडी सर्वांत लवकर फुटते. एकच सरळ वाट पडली की वारा तिथूनच खिंड पाडतो. वाट लाकडी, टेकडीच्या वरून उचललेली आणि नागमोडी ठेवा.

खारफुटी उघड्या पुळणीवर लावायचा प्रयत्न करू नका, लाटा रोपं उपटतात. तिची जागा खाडीच्या आत, मध्यम समुद्रपातळी ते उधाणाच्या भरतीची रेषा या पट्ट्यातल्या चिखलात. त्याहून खालच्या उघड्या चिखलावर लावलेली रोपं जास्त वेळ पाण्याखाली राहून गुदमरतात, लागवडी फसतात त्या मुख्यतः यामुळे. बंधाऱ्याने भरतीचं पाणी अडलं असेल तर आधी ती वाट मोकळी करा. जवळ जुनी झाडं असतील तर बिया आपोआप येऊन रुजतात. दाट खारफुटीचा १०० मीटर रुंद पट्टा लाटांची उंची १३ ते ६६ टक्के कमी करतो असं अभ्यासांत दिसलं आहे. एवढी मोठी तफावत जातीमुळे, दाटीमुळे आणि पाण्याच्या खोलीमुळे पडते.

---

पुळणवाट

किनाऱ्याजवळच्या दोन विहिरी अलीकडे मचूळ झाल्या आहेत. त्याचा या धुपेशी संबंध असेल का?

---

रेतीमापक

थोडा असू शकतो, पण उपसा आधी तपासा. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि समुद्रपातळीच्या वर भूजल १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. म्हणजे उपशाने पातळी अर्धा मीटर जरी कायमची उतरली तरी खारं पाणी कालांतराने २० मीटर वर येऊ शकतं. किनारा काही मीटर मागे येण्याने एवढा फरक पडत नाही. दोन्ही विहिरींची पातळी आणि विद्युतवाहकता (पाणी जितकं खारं तितकी ती जास्त) महिन्यातून एकदा, पंप बंद करून काही तासांनी, तळाजवळ आणि वर अशी दोन्ही खोलींवर नोंदवा. पुळण मोजायला जाल त्याच दिवशी हे होईल. तळाशी वाहकता चढत असेल तर विहीर खोल करू नका. उपसा कमी करून जास्त विहिरींत वाटून घ्या.

भिंतीच्या चर्चेसाठी एक तक्ता तयार ठेवा. प्रत्येक रेषेपुढे धुपेचा दर, मागे काय आहे, ते किती अंतरावर, आणि नवीन बांधकामासाठी किती मोकळं अंतर सोडायचं. या अंतराचा हिशेब असा: दर वर्षाला १.२ मीटर, बांधकामाचं आयुष्य ५० वर्षं, म्हणजे ६० मीटर. त्यात एका मोठ्या वादळात जाणारा पट्टा, तुमच्या वादळाआधीच्या आणि नंतरच्या मोजणीतून, समजा १५ मीटर. समुद्रपातळीच्या वाढत्या वेगासाठी समजा १० मीटर. एकूण ८५. हे अंतर आजच्या पाण्याच्या कडेपासून मोजू नका, वनस्पतींच्या कडेपासून मोजा. या पट्ट्यात नवीन पक्कं काही येऊ दिलं नाही तर पुढच्या पिढीसमोर भिंतीचा प्रश्न याच रूपात येणार नाही.

खुणा आखाल तेव्हा प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश, दोन दिशांनी फोटो आणि जवळच्या पक्क्या बांधकामापासूनचं अंतर लिहून ठेवा. मोजणारी माणसं बदलतात, तेव्हा याच नोंदीवरून खूण सापडते. पहिली मोजणी वादळी हंगामाच्या आधी झाली पाहिजे, तेव्हा येत्या उधाणाच्या ओहोटीची वेळ कोष्टकात पाहून तारीख ठरवा.